तळ्याकाठचे घर आणि डास : डेंग्यू, चिकुनगुन्या, झिका टाळण्यासाठी घरात काय करावे?

पाषाण तलाव, कात्रजचा तलाव, जांभूळवाडीचा तलाव, रामनदी, आंबील ओढा आणि मुळा-मुठेचा काठ. पुण्यात पाण्याच्या जवळ राहणारी कुटुंबे हजारोंच्या संख्येने आहेत. घरात कोणाला डेंग्यू झाला की यातील बरेच जण डॉक्टरांना म्हणतात, "आमच्या समोरच तळं आहे, मग डास होणारच. आम्ही काय करणार?"

या प्रश्नाचे उत्तर समजून घेणे महत्त्वाचे आहे. तळ्यावरचा डास आणि डेंग्यूचा डास हे सहसा वेगवेगळे असतात. तळ्यातील जलपर्णी काढणे महापालिकेच्या हातात आहे, पण डेंग्यू पसरवणारा डास बहुतेक वेळा आपल्या घरात, गॅलरीत किंवा सोसायटीच्या गच्चीवर जन्माला येतो आणि तो थांबवणे आपल्या हातात आहे.

तीन डास, तीन सवयी

एडिस : हा काळ्या रंगाचा, पायांवर पांढरे पट्टे असलेला डास डेंग्यू, चिकुनगुन्या आणि झिका हे तिन्ही आजार पसरवतो. तो दिवसा चावतो. सकाळी सूर्योदयानंतरचे काही तास आणि संध्याकाळी अंधार पडण्यापूर्वीचे काही तास हा त्याचा मुख्य वेळ. तो भांड्यांत, पिंपांत, टाक्यांत साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. त्याचे उड्डाण फार लांबचे नसते. बहुतेकदा तो जिथे जन्मला त्या घराच्या आसपासच राहतो आणि पलंगाखाली, पडद्यामागे, लटकवलेल्या कपड्यांत विश्रांती घेतो.

क्युलेक्स : संध्याकाळनंतर आणि रात्री कानाशी गुणगुणणारा हा डास. सांडपाणी मिसळलेले ओढे, तुंबलेली गटारे, ड्रेनेजचे चेंबर, जलपर्णीखालचे संथ पाणी येथे तो मोठ्या संख्येने वाढतो आणि एक-दोन किलोमीटर सहज उडत येतो. हत्तीरोग क्युलेक्समुळे पसरतो. महाराष्ट्रात हा आजार प्रामुख्याने विदर्भात आढळतो. पुण्यात क्युलेक्सचा मुख्य त्रास म्हणजे चावे, खाज आणि झोपमोड.

अ‍ॅनोफिलिस : हा हिवतापाचा म्हणजे मलेरियाचा डास. शहरात तो विहिरी, उघड्या टाक्या आणि बांधकामावर साठवलेले पाणी यांत वाढतो. भिंतीवर बसताना तो पाठ वर करून तिरका बसतो, त्यामुळे ओळखू येतो.

तळ्याकाठी मॅन्सोनिया नावाचा आणखी एक डास सापडतो. त्याच्या अळ्या श्वास घेण्यासाठी पाण्यावर येत नाहीत, तर जलपर्णीच्या मुळांना चिकटून तिथूनच हवा घेतात. म्हणूनच नुसती औषधफवारणी करून भागत नाही, जलपर्णी मुळासकट बाहेर काढावी लागते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये केशवनगर, मुंढवा आणि खराडी परिसरात नदीवर कीटकांचे उंच खांबासारखे थवे दिसले. त्यांचे व्हिडिओ देशभर पाहिले गेले आणि लोक घाबरले. पाण्याजवळ संध्याकाळी दिसणाऱ्या अशा थव्यांत न चावणारे डासांसारखे दिसणारे कीटक किंवा नर डास असू शकतात. नर डास रक्त पीत नाहीत. असा थवा पाणी अस्वच्छ असल्याचे सांगतो आणि त्याची तक्रार जरूर करावी. पण थवा दिसला नाही म्हणून डेंग्यूचा धोका नाही असे समजू नये. एडिस थव्याने येत नाही. घरातले दोन-चार डासही संपूर्ण कुटुंबाला आजारी पाडू शकतात.

पुण्याने याबाबत निष्काळजी का राहू नये?

महाराष्ट्रातील झिकाचा पहिला रुग्ण जुलै २०२१ मध्ये पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यातील बेलसर या गावी आढळला. त्यानंतर जून २०२४ मध्ये पुणे शहरात एरंडवणे भागात झिकाचे रुग्ण सापडले आणि त्या वर्षभरात शहरातील रुग्णसंख्या शंभराच्या पुढे गेली. यात गर्भवती महिलांचे प्रमाण मोठे होते, कारण त्यांची तपासणी प्राधान्याने केली जात होती. नमुने पुण्यातीलच राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत तपासले गेले.

झिका झालेल्या बहुतेकांना सौम्य ताप, पुरळ, डोळे लाल होणे एवढाच त्रास होतो, अनेकांना तर काहीच लक्षणे नसतात. पण गर्भवती स्त्रीला संसर्ग झाला तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटण्याचा आणि डोके लहान राहण्याचा धोका असतो. त्यामुळे ज्या घरात गर्भवती स्त्री आहे, त्या घरात डास नियंत्रण हा बाळाच्या काळजीचाच भाग आहे.

डेंग्यूबाबत आणखी एक गोष्ट. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एका प्रकारचा संसर्ग झाला की त्याच प्रकारापासून पुढे संरक्षण मिळते, बाकीच्या तीन प्रकारांपासून टिकाऊ संरक्षण मिळत नाही. उलट दुसऱ्यांदा वेगळ्या प्रकारचा डेंग्यू झाला तर तो गंभीर होण्याची शक्यता जास्त असते. "मला एकदा होऊन गेलाय, आता भीती नाही" हा समज म्हणूनच धोक्याचा आहे.

आठवड्याचा हिशेब : कोरडा दिवस कशासाठी?

अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला आपल्याकडच्या उबदार हवेत साधारण ८ ते १० दिवस लागतात. अंडी, अळी, कोष आणि मग डास. अळी आणि कोष यांना पाणी लागते. पाणी ओतून दिले की ते मरतात. म्हणून दर ७ दिवसांनी घरातील साठवलेले सर्व पाणी रिकामे केले तर डास तयार होण्यापूर्वीच साखळी तुटते. यालाच कोरडा दिवस म्हणतात.

पण नुसते पाणी ओतणे पुरेसे नाही. एडिसची मादी अंडी पाण्यात न घालता भांड्याच्या आतल्या बाजूला, पाण्याच्या पातळीच्या जरा वर चिकटवते. ही अंडी कोरड्यातही कित्येक महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी भरले की त्यांतून अळ्या बाहेर येतात. उन्हाळाभर कोरडे पडलेले पिंप पहिल्या पावसानंतर आठ-दहा दिवसांत डास देऊ लागते ते यामुळेच. म्हणून भांडे आतून काथ्याने किंवा ब्रशने खसखसून घासा, धुवा आणि उन्हात पालथे घाला.

पुण्यात अनेकदा गुरुवारी देखभालीसाठी पाणी बंद असते आणि लोक बुधवारी रात्री बादल्या, पिंपे भरून ठेवतात. गुरुवारी संध्याकाळपर्यंत ही भांडी बरीच रिकामी झालेली असतात. ती घासून पालथी घालायला हीच वेळ सोयीची. पाणी वाया जात नाही आणि वार ठरलेला असल्याने विसरही पडत नाही. टंचाईच्या दिवसांत उरलेले पाणी कापडातून गाळून घासलेल्या भांड्यात भरा. गाळलेले कापड उन्हात वाळवा, म्हणजे अडकलेल्या अळ्या मरतात. जुन्या भांड्यातील तळाचे पाणी झाडांना किंवा जमिनीवर ओता, गटारात नको.

घराची तपासणी : कुठे कुठे पाहावे?

आठवड्यातून एकदा १५ मिनिटे काढा आणि हातात टॉर्च घेऊन पुढील जागा पाहा.

घरात :
- फ्रिजच्या मागचा किंवा खालचा ट्रे. येथे साठणारे थोडेसे पाणीही पुरते.
- फुलदाणी, मनी प्लान्टची बाटली, बांबूचे भांडे.
- कूलरची टाकी. उन्हाळा संपला की ती पुसून कोरडी करा.
- न वापरलेले कमोड, पाहुण्यांच्या बाथरूममधील बादली, मोरीतील जाळी.
- बेसिनखालची गळती, पिण्याच्या माठाखालची परात.

गॅलरीत आणि अंगणात :
- कुंड्यांखालच्या ताटल्या. शक्य असेल तर त्या काढूनच टाका.
- पक्ष्यांसाठी आणि मांजर-कुत्र्यांसाठी ठेवलेले पाणी. रोज बदला.
- नारळाच्या करवंट्या, रिकामे डबे, तुटकी खेळणी, जुने टायर.
- ताडपत्रीच्या किंवा प्लॅस्टिकच्या घड्यांत साठलेले पावसाचे पाणी.
- दिवाळीत मुलांनी केलेल्या किल्ल्याचे तळे. दिवाळी झाली की किल्ला तसाच राहतो आणि तळ्यात पाणीही राहते.

गच्चीवर आणि सोसायटीत :
- टाकीचे झाकण घट्ट बसते का? ओव्हरफ्लोच्या आणि हवेच्या पाइपाच्या तोंडाला जाळी आहे का?
- पावसाचे पाणी वाहून नेणाऱ्या पन्हाळीत पालापाचोळा अडकला आहे का?
- लिफ्टचा खड्डा, तळघरातील पार्किंग, पाण्याच्या मीटरचे आणि व्हॉल्व्हचे खड्डे.
- सेप्टिक टँकच्या व्हेंट पाइपाला जाळी आणि चेंबरच्या झाकणांना फटी नाहीत ना.
- बंद पडलेले कारंजे, रिकामा पोहण्याचा तलाव, शेजारच्या बांधकामावरचे पाणी.

बंद फ्लॅट ही सोसायट्यांतील मोठी अडचण असते. मालक परगावी असतो आणि आत बादलीत पाणी असते. सोसायटीने अशा घरांची यादी ठेवावी आणि मालकाच्या परवानगीने महिन्यातून दोनदा तपासणी करावी. गणपतीला किंवा दिवाळीला आपण स्वतः गावी जाणार असू तर निघण्यापूर्वी बादल्या पालथ्या घाला, कमोडचे झाकण लावा, ट्रे कोरडे करा.

अळी कशी ओळखावी? पाण्यावर टॉर्चचा प्रकाश टाका. वळवळत खाली-वर करणारे सुमारे अर्धा सेंटिमीटर लांबीचे जीव दिसले तर त्या अळ्या आहेत. डोके खाली ठेवून पृष्ठभागाला तिरक्या लटकणाऱ्या अळ्या एडिस किंवा क्युलेक्सच्या, तर पृष्ठभागाला समांतर आडव्या राहणाऱ्या अ‍ॅनोफिलिसच्या असतात. स्वल्पविरामासारखा दिसणारा जीव म्हणजे कोष. कोष दिसले तर एक-दोन दिवसांत डास उडणार असे समजा आणि पाणी लगेच ओता.

जे पाणी ओतता येत नाही त्याचे काय?

विहीर, बागेतील हौद, कमळाचे कुंड अशा ठिकाणी गप्पी मासे सोडता येतात. हे लहान मासे अळ्या खातात. महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे किंवा क्षेत्रीय कार्यालयात त्यांची चौकशी करावी. मात्र गप्पी मासे तलावात किंवा नदीत परस्पर सोडू नयेत. ते बाहेरून आलेले आहेत आणि स्थानिक माशांच्या पिल्लांना व इतर जलचरांना त्यांचा उपद्रव होतो.

अळीनाशक औषध महापालिकेचे कर्मचारी प्रमाणात टाकतात. ते घरात मोजमापाशिवाय वापरू नये. साचलेल्या निरुपयोगी पाण्यावर जळके ऑइल टाकण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. पण तळ्याकाठी किंवा ओढ्याजवळ ते करू नका. तेल वाहत जाऊन मासे आणि पक्षी यांना अपाय करते.

जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून सोडलेल्या पाण्यामुळे सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत घरे पाण्याखाली गेली होती. अशा पुरानंतर पाणी ओसरते, पण तळघरे, खड्डे, अडगळ आणि भिजलेल्या वस्तूंत ते मागे राहते. पूर ओसरल्यानंतरचा पहिला आठवडा म्हणूनच महत्त्वाचा. राहिलेले पाणी त्याच आठवड्यात उपसून काढावे.

धूरफवारणीने डास जातात का?

धूर फक्त त्या वेळी उडणाऱ्या आणि धुराच्या संपर्कात आलेल्या डासांना मारतो. अळ्यांवर आणि अंड्यांवर त्याचा परिणाम होत नाही. पलंगाखाली बसलेल्या एडिसपर्यंत रस्त्यावरचा धूर पोचतही नाही. रुग्ण सापडलेल्या भागात संसर्ग झालेले डास तातडीने कमी करण्यासाठी फवारणीचा उपयोग आहे. दर आठवड्याला फवारणी मागायची आणि कुंडीखालची ताटली मात्र तशीच ठेवायची, यातून काही साध्य होत नाही. फवारणीच्या वेळी दमा असलेल्या व्यक्ती, लहान मुले आणि गर्भवती स्त्रिया यांनी धुरापासून दूर राहावे.

चाव्यापासून बचाव

- दारे-खिडक्यांना ताणून बसवलेली, फट नसलेली जाळी लावा. तळ्याकाठच्या घरात क्युलेक्ससाठी हा सर्वांत टिकाऊ उपाय आहे. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी जाळ्या बंद करा.
- एडिस दिवसा चावतो, त्यामुळे दुपारी झोपणारे बाळ, बाळंतीण, गर्भवती आणि आजारी व्यक्ती यांना दिवसासुद्धा मच्छरदाणीत झोपवा.
- पूर्ण बाह्यांचे, फिकट रंगाचे, सैल कपडे घाला. शाळेत जाणाऱ्या मुलांना पावसाळ्यात पायमोजे आणि लांब पँट द्या.
- उघड्या त्वचेवर डास प्रतिबंधक मलम लावा. लहान मुलांच्या हातांना, डोळ्यांजवळ, तोंडाजवळ किंवा जखमेवर ते लावू नका. दोन महिन्यांपेक्षा लहान बाळाला मलम लावू नये, मच्छरदाणी हाच योग्य उपाय. निलगिरीच्या एका जातीपासून बनवलेले लेमन युकॅलिप्टसचे तेल तीन वर्षांखालील मुलांना वापरू नये.
- डासांची कॉइल बंद खोलीत लावू नका. एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराइतके भरतात असे अभ्यासात आढळले आहे. घरात दमेकरी किंवा तान्हे बाळ असेल तर कॉइल टाळाच.
- विजेवर चालणारे द्रव औषध वापरायचे असल्यास खोलीत हवा खेळती ठेवा आणि बाटली मुलांच्या हाताला लागणार नाही अशी लावा. चुकून प्यायले गेल्यास उलटी करवू नका, बाटली सोबत घेऊन तातडीने रुग्णालयात जा.
- कापूर खोलीत उघडा ठेवू नका. लहान मुलाने तो गिळला तर झटके येऊ शकतात.
- आवाजाने डास पळवणारी मोबाइल अ‍ॅप आणि उपकरणे उपयोगी असल्याचा पुरावा नाही.

घरात डेंग्यूचा रुग्ण असेल तर

डेंग्यू माणसाकडून माणसाला थेट होत नाही. पण रुग्णाला चावलेला एडिस साधारण ८ ते १२ दिवसांनी इतरांना संसर्ग देऊ लागतो आणि मरेपर्यंत देत राहतो. म्हणून ताप सुरू झाल्यापासून पहिला आठवडा रुग्णाला दिवसरात्र मच्छरदाणीत ठेवा. हे रुग्णासाठी नसून घरातील इतरांसाठी आहे. त्याच दिवशी घराची तपासणी करा आणि शेजाऱ्यांनाही सांगा. आजार लपवला तर त्याच इमारतीत पुढचे रुग्ण तयार होतात.

तापासाठी फक्त पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात घ्या. अ‍ॅस्पिरिन, आयब्रुफेन, डायक्लोफिनॅक अशी औषधे मनाने घेऊ नका, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. हृदयविकारासाठी अ‍ॅस्पिरिन रोज चालू असेल तर ती बंद करायची की नाही हे डॉक्टरांनाच विचारा. पेज, ताक, वरणाचे पाणी, नारळपाणी, ओआरएस असे पातळ पदार्थ वारंवार द्या. दर चार-सहा तासांनी लघवी होत आहे ना, याकडे लक्ष ठेवा.

तपासणी केव्हा? तापाच्या पहिल्या पाच दिवसांत एनएस-१ ही चाचणी उपयोगी पडते, त्यानंतर आयजीएम.

ताप उतरला की घरच्यांना हायसे वाटते. डेंग्यूत मात्र धोक्याचा काळ बहुधा तेव्हाच सुरू होतो. तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान ताप उतरत असताना पुढीलपैकी एकही लक्षण दिसले तर त्याच क्षणी रुग्णालयात न्या :

- पोटात तीव्र किंवा सतत दुखणे
- वारंवार उलट्या, पाणीही न टिकणे
- हिरड्या, नाक यांतून रक्त, काळी शौच, उलटीत रक्त
- धाप लागणे
- खूप सुस्ती, गुंगी किंवा अस्वस्थता, बाळ सतत किरकिर करणे
- हातपाय थंड आणि घामट होणे, लघवी कमी होणे

शंका आणि उत्तरे

प्लेटलेट कमी झाल्या की लगेच भराव्या लागतात का?
नाही. बहुतेक रुग्णांच्या प्लेटलेट आपोआप वाढतात. रक्तस्राव होत असेल किंवा संख्या अतिशय कमी, साधारण १० हजारांखाली गेली असेल तर डॉक्टर तसा निर्णय घेतात. प्लेटलेटच्या आकड्याइतकेच रक्तदाब, लघवीचे प्रमाण आणि रक्ताचा घट्टपणा यांना महत्त्व असते.

पपईच्या पानांचा रस द्यावा का?
तो उपचाराची जागा घेऊ शकत नाही. रस कडू असतो आणि त्याने उलट्या झाल्या तर शरीरातील पाणी आणखी कमी होते. रस मिळवण्याच्या धावपळीत रुग्णालयात जायला उशीर होऊ देऊ नका.

चिकुनगुन्यानंतर सांधे किती दिवस दुखतात?
बहुतेकांना काही आठवड्यांत आराम पडतो. काहींना, विशेषतः वयस्कर व्यक्तींना, महिनोन्‌महिने त्रास राहू शकतो. स्टेरॉइडची औषधे दुकानातून परस्पर घेऊ नका.

झिका झाल्यास पती-पत्नीने काय काळजी घ्यावी?
झिका शरीरसंबंधातूनही पसरतो. पुरुषाला संसर्ग झाल्यास तीन महिने आणि स्त्रीला झाल्यास दोन महिने निरोध वापरावा आणि तेवढा काळ गर्भधारणा टाळावी. पत्नी गर्भवती असेल तर संपूर्ण गरोदरपणात ही काळजी घ्यावी.

तलावातील जलपर्णीची तक्रार करूनही ती निघत नसेल तर?
सोसायटीच्या लेटरहेडवर क्षेत्रीय कार्यालयाकडे लेखी अर्ज द्या, फोटो आणि तारीख जोडा, पोच घ्या. परिसरातील इतर सोसायट्यांनी एकत्र अर्ज दिल्यास पाठपुरावा सोपा जातो. जलपर्णी पाण्यात पोसली जाते ती सांडपाण्यातील घटकांवर. म्हणून अर्जात तलावात मिसळणाऱ्या सांडपाण्याच्या नाल्यांचाही उल्लेख करा.

लक्षात ठेवा

तळ्याकाठच्या घराला दोन स्वतंत्र कामे करावी लागतात. रात्रीच्या डासांसाठी जाळी, मच्छरदाणी आणि महापालिकेकडे पाठपुरावा. दिवसाच्या डासासाठी दर आठवड्याला १५ मिनिटे, घासलेली भांडी आणि कोरड्या ताटल्या. पहिल्या कामाला वेळ लागेल, दुसरे या गुरुवारीच सुरू करता येईल. ताप दोन दिवसांहून अधिक राहिला, किंवा घरातील गर्भवती स्त्री, तान्हे बाळ, वृद्ध वा मधुमेही व्यक्तीला ताप आला, तर वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा.

ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. औषधे आणि तपासण्या आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच कराव्यात.